लाल चिठ्ठी, हिरवी चिठ्ठी

मुरुम
९ जुलै २०२४

चि. अर्पितास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रयोगशाळेचं छापील पत्र आणि त्याला टाचलेली तुझी चार ओळींची चिठ्ठी, दोन्ही मिळालं. छापील पत्रात मला ‘सहभागी’ म्हटलंय. तीन वर्षांत मला मिळालेली ही सर्वांत सभ्य पदवी. तुझी आई, म्हणजे आमच्या अव्वा, मला ‘खाटेवरच्या राणीसाहेब’ म्हणतात. शाळेच्या दप्तरी मी ‘दीर्घ रजा प्रकरण’ आहे. तुझा दादा काहीच म्हणत नाही, बियाण्याच्या दुकानाला निघताना दारात एक सुस्कारा सोडतो आणि जातो.

फोन का उचलत नाही, असं विचारलंयस. पाच मिनिटं बोलले की तासभर डोकं ठणकतं, आणि माझा फोन वाजला की अव्वांचे कान सोप्यातून थेट माझ्या उशीपर्यंत येतात. त्यापेक्षा पत्र बरं. आडवं पडून, पाटीवर कागद ठेवून रोज सहा ओळी लिहिते. तूही पत्रच पाठव, इथं दुसऱ्याचं पाकीट फोडण्याइतकं वाचन कुणाला नाही.

तुझ्या फॉर्मात ‘आजाराची सुरुवात’ असा रकाना आहे. २०२१च्या ऑक्टोबरात गावभर तापाची साथ होती. सगळ्यांना ताप आला, सगळ्यांचा गेला. माझाही गेला, पण जाताना मला अंथरुणातच सोडून गेला. एखाद्या दिवशी बरं वाटतं म्हणून दहा भाकरी थापल्या, तर तिसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या उचलत नाही. अव्वांना दहा भाकरींचा दिवस तेवढा दिसतो.

तीन डॉक्टर झाले. पहिल्यानं लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसरा म्हणाला, मन रमवा. तिसरा सोलापूरचा, दारावर सात पदव्या. त्यानं माझ्याकडे न बघता तुझ्या दादाला सांगितलं, एक मूल होऊ द्या, सगळं सुरळीत होईल. सात पदव्यांत त्याला एवढंच शिकवलेलं दिसतं.

आता कामाचं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष माणिकप्पा यांचं पत्र आलंय. डिसेंबरअखेर रोगाचं नाव असलेला दाखला द्या, नाहीतर नोकरी संपली. त्यांच्या यादीत मूळव्याधसुद्धा आहे, थकवा नाही. चौदा वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, त्या यादीतल्या निम्म्या रोगांची नावं त्यांच्या कारकुनाला मी शिकवली असतील.

तेव्हा तुमच्या साहेबांना या थकव्यामागे विषाणू दडलाय असं वाटत असेल तर खुशाल शोधू देत. रक्त घ्या. या घरात माझं तेवढंच काय ते कामाचं उरलंय.

तुझी,
शिवप्रियावहिनी

*

पुणे
१८ जुलै २०२४

सौ. वहिनीस,

शरणु शरणार्थी. तुम्ही हो म्हणालात, फार बरं वाटलं.

थोडक्यात सांगते. तापानंतर वर्षानुवर्षं थकवा राहिलेले चाळीस रुग्ण आम्ही धाराशिव, लातूर, सोलापूरकडून घेतले आहेत. प्रत्येक रुग्णामागे त्याच घरातलं एक निरोगी माणूस हवं, कारण दोघांचं पाणी, जेवण, डास सगळं एकच असतं. दोघांच्या रक्तात फरक दिसला तर तो आजाराचा. तुमच्या जोडीला धाकट्या जाऊबाई, उमावहिनींचं नाव घातलं आहे, वय जवळपास सारखं आहे म्हणून. रुग्णाच्या नळीला लाल चिठ्ठी, निरोग्याच्या नळीला हिरवी. नाव नसतं, फक्त आकडा.

एकेकट्याचा निकाल सांगायचा नाही असा आमचा नियम आहे, तेव्हा त्यासाठी माझ्या मागे लागू नका. आणि एक विनंती. तुमच्याकडे लोक वार-तिथी बघून रक्त देतात, ऐनवेळी नाही म्हणतात, हा आमचा आधीच्या कामातला अनुभव आहे. आपल्या घरी तसं होऊ देऊ नका. माझी अडचण होईल.

आईला नमस्कार सांगा.

तुमची,
अर्पिता

*

मुरुम
२० ऑगस्ट २०२४

चि. अर्पितास,

अनेक आशीर्वाद. ‘तुमच्याकडे’ लोक वार-तिथी बघतात म्हणे. पुण्यात अकरा वर्षं काढली की मुरुम ‘तुमच्याकडे’ होतं, हे मला माहीत नव्हतं. शिवम्मा अव्वांच्या पोटी जन्मलीस ते कुणाकडे?

तुमचा माणूस बर्फाची पेटी घेऊन आला तो नेमका श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी. तारीख ठरवणाऱ्या विद्वानाला पुण्यात कुणी कॅलेंडर देत नाही का? बिभीषण नाव त्याचं, धाराशिवकडच्या वाशीचा आहे, पोरगा बरा. त्याचाही उपास होता आणि लोहाऱ्यापर्यंतची अकरा घरं राहिली होती.

माझं रक्त घ्यायला कुणाची हरकत नव्हती. सुई टोचली, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी डोळे मिटून पडले. मग उमाचा नंबर आला तसं बाहेर रण माजलं. अव्वा म्हणाल्या, सोमवारी उपाशी सुवासिनीच्या अंगातून रक्त काढायचं नाही. हे कुठल्या वचनात सांगितलंय ते त्यांनाच ठाऊक. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बराच वेळ चाललं. उमा मधेच काही बोलली, तिला गप्प बसवलं. मग शांत झालं. तोडगा निघाला असावा.

थोड्या वेळानं तो पुन्हा माझ्या खोलीत आला आणि दुसऱ्या हातातून आणखी घेतलं. आधीच्या नळ्या कमी भरल्या असतील. मी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, पुण्यात रक्तपेढी काढताय का? म्हणाला, “झालंच, म्याडम.” तुमच्या विज्ञानाला एका आजारी बाईचे दोन्ही हात लागतात, हे फॉर्मात लिहायला हवं होतं.

त्यानंतर चार दिवस उठले नाही. अव्वांनी शेजारी जाऊन सांगितलं, दोन चमचे रक्त काय घेतलं तर बाईनं खाट धरली. तुझं काम झालं ना, मग आता मला गाढ झोपू दे. झोप लागत नाही, ते सोड.

तुझी,
वहिनी

*

पुणे
२५ नोव्हेंबर २०२४

सौ. वहिनीस,

शरणु शरणार्थी. नियम मोडून लिहीत आहे, पत्र जपून ठेवा.

सापडला. चाळीस लाल नळ्यांपैकी एकतीसमध्ये विषाणूचा अंश मिळाला. चाळीस हिरव्या नळ्यांपैकी फक्त दोनमध्ये. आमचे सर दोन दिवस झोपले नाहीत. शोधनिबंध लिहायला घेतला आहे. तुमच्या लाल नळीत तो आहे. उमावहिनींच्या हिरव्या नळीत नाही. एकाच घरातल्या दोघी, एकच ताप येऊन गेलेला, आणि असा फरक. सरांनी आमच्या बैठकीत तुमचीच जोडी उदाहरण म्हणून घेतली.

सोबत सरांच्या सहीचं पत्र जोडलं आहे. ‘तापानंतरचा दीर्घ थकवा, विषाणूचा पुरावा आढळला’ असं स्पष्ट लिहिलं आहे. ज्यांना ज्यांना असा कागद हवा होता त्या सगळ्यांना दिला. माणिकप्पांच्या टेबलावर ठेवा. आणि आईला सांगा, अर्पितानं सांगितलं म्हणून.

वहिनी, तुम्ही खोटं बोलत नव्हता.

तुमची,
अर्पिता

*

मुरुम
८ जानेवारी २०२५

चि. अर्पितास,

अनेक आशीर्वाद. मी खोटं बोलत नव्हते, ही बातमी तू पुण्याहून कळवलीस त्याबद्दल आभार. मला तीन वर्षांपासून ठाऊक होती.

तुझ्या कागदानं काय झालं ते ऐक. माणिकप्पांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचला, आणि वर्षभराची रजा मंजूर केली. कारकून म्हणाला, “बाई, आधी का न्हाय सांगितलं?” जसा काही विषाणू मी ट्रंकेत कुलूप लावून ठेवला होता.

अव्वांचं तर विचारूच नकोस. आठवडी बाजारात उभ्या राहून सांगतात, “आमच्या थोरलीच्या अंगात इषाणू हाय, पुण्याहून कागद आलाय.” सुनेला बढती मिळाल्यासारखा आवाज असतो. दुसरीकडे माझं ताट-वाटी वेगळं केलंय, माझा टॉवेल दूर वाळत घालतात आणि उमाला सांगतात, तुझं रक्त निर्मळ आहे, जपून रहा. कागद येईपर्यंत मी आळशी होते, आता विटाळ झाले. यातलं बरं काय ते मला ठरवता येईना.

पण तुझा दादा परवा दुकान बंद करून आला आणि माझ्या खाटेवर बसला. माझे पाय चेपले. म्हणाला, “मला कळलं न्हाय, शिवप्रिया.” अर्पिता, मी रडले. बाईनं पाय चेपण्यावर रडावं हे मला पसंत नाही, पण रडले. कुणी तरी आपलं खरं मानावं यासाठी मी किती भुकेली होते, हे मलाच माहीत नव्हतं.

तुझ्या चाळिसातल्या माकणीच्या दगडाबाईंच्या मुलाचा फोन आला होता. बिभीषणनं नंबर दिला म्हणे. तिलाही कागद मिळाला. तिकडच्या एका डॉक्टरनं तो बघून विषाणू मारायची इंजेक्शनं सुरू केलीत, महिन्याला दोन. मला विचारत होता, तुम्ही घेता का. म्हटलं, मला अजून आठ पदव्यांचा डॉक्टर भेटायचाय.

तुझी,
वहिनी

*

मुरुम
५ मार्च २०२५

चि. अर्पितास,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, उरले तर. हे पत्र सहा दिवस लिहितेय.

मागच्या मंगळवारी दुपारी अव्वा देवळात गेल्या होत्या. उमा माझ्यासाठी पेज घेऊन आली आणि खाली बसून रडायला लागली. मला वाटलं, माहेरचं काही असेल. ती म्हणाली, “अक्का, अव्वा रोज म्हणत्यात तुझं रक्त निर्मळ हाय. माझं रक्त काढलंच न्हाय.”

मी विचारलं, म्हणजे?

“सोमवार व्हता. अव्वानं काढू दिलं न्हाय. त्या पोराला म्हणल्या, दोघी एका चुलीवरचं खातेत, रक्त काय येगळं असतंय व्हय? तिचंच घे दोनदा. त्यानं घेतलं.”

पोरीनं सहा-सात महिने हे पोटात ठेवलं होतं. सासूला घाबरून, आणि पुढे माझा कागद जाईल या भीतीनं. तिला मी जवळ घेतलं.

आता तू विचार कर, तुला पगार विचार करण्याचाच मिळतो. लाल चिठ्ठीच्या नळीत माझं रक्त. हिरव्या चिठ्ठीच्या नळीतही माझंच रक्त. एकच बाई, एकच सकाळ, हात तेवढा दुसरा. लाल नळीत विषाणू आहे, हिरवीत नाही. म्हणजे तो माझ्या उजव्या हातात राहतो आणि डाव्या हातात त्याला करमत नाही? नववीच्या ढ पोराला हे विचारलं तर तो सांगेल, बाई, फरक रक्तात नाही, फरक तपासण्यात आहे. त्याला मी पाचपैकी पाच गुण दिले असते. तुमच्या सरांना किती द्यायचे ते तू सांग.

बिभीषणला बोल लावू नकोस. आणि अव्वांनाही. त्यांना वाटलं घराचं रक्त एकच असतं, तुम्हाला वाटलं नळीवरची चिठ्ठी खरी असते. शिकल्या-सवरल्यांचा अडाणीपणा आणि अव्वांचा अडाणीपणा यात मला तरी डावं-उजवं करता येत नाही.

लवकर कळव. दगडाबाईंची इंजेक्शनं चालू आहेत.

अनेक आशीर्वाद.

वहिनी

*

पुणे
१२ मार्च २०२५

सौ. वहिनीस,

शरणु शरणार्थी. पत्र वाचून मी बिभीषणला फोन केला. खरं आहे. तो रडला.

तुम्ही रागावू नका, पण शांतपणे बघितलं तर तुमची एक जोडी चुकली, एवढंच सिद्ध होतं. चाळिसातली एक. ती यादीतून काढली तरी उरलेल्या एकोणचाळिसांचा निकाल भक्कम आहे. तुमची हिरवी नळी कदाचित गरम झाली असेल, बर्फ वितळला असेल. असं होतं कधी कधी. शोधनिबंध छपाईच्या शेवटच्या टप्प्यावर आहे. माझं नाव त्यात दुसरं आहे, माझ्या सात वर्षांच्या कामातलं पहिलं मोठं काम.

आणि तुमचाही विचार करा. हा प्रश्न मी सरांपुढे काढला तर तुम्हाला दिलेलं पत्र परत घ्यावं लागेल. रजा जाईल, नोकरी जाईल, घरात पुन्हा पहिल्यासारखं होईल. तुम्ही आणि उमावहिनी गप्प राहिलात तर कुणाचंच काही बिघडत नाही. मी तुमच्या भल्यासाठी सांगते आहे.

हे पत्र वाचून फाडून टाका.

तुमची,
अर्पिता

*

मुरुम
२२ मार्च २०२५

अर्पिता,

तुझं पत्र फाडलं नाही. उशीखाली ठेवलंय. अशी वस्तू रोज मिळत नाही.

तू लिहितेस, बर्फ वितळला असेल. बरोबर, फक्त हिरव्या चिठ्ठीचा बर्फ वितळला, शेजारची लाल चिठ्ठी थंडगार राहिली. पेटीसुद्धा तुमच्या सरांच्या बाजूची दिसते. सोलापूरच्या डॉक्टरला मी उगाच हसले, तो किमान न वाचता बोलला होता. तू सगळं वाचून, समजून हे लिहिलंस.

कुणाचंच बिघडत नाही म्हणतेस. दगडाबाईंच्या मुलाचा काल पुन्हा फोन होता. पाचव्या इंजेक्शनानंतर त्यांना चालताही येत नाही, मूत्रपिंडाचं काही तरी निघालंय. त्या पोरानं शेवटी विचारलं, बाई, विषाणू मरत असेल म्हणून त्रास होत असंल ना? तूच सांग त्याला काय सांगायचं. की तुझ्या आईच्या अंगात काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही, पण पुण्याच्या ताईचं नाव दुसऱ्या नंबरावर छापून यायचंय, तोवर टोचून घ्या?

आणि माझ्या भल्याचं. त्या कागदानं मला काय दिलं ते मी तुला लिहिलं होतं. तुझ्या दादानं पाय चेपले तेही लिहिलं. ते सगळं जाईल, हे तुझ्या आधी मला कळलं होतं. उमा खोलीतून गेल्यावर मी दुपारभर एकच हिशेब करत होते, की हे कुणाला सांगितलंच नाही तर? दोन दिवस तसंच ठरलंही होतं. तेव्हा मी काही फार मोठी बाई नाही.

पण तीन वर्षं मला सगळे खोटारडी म्हणाले आणि मी नव्हते. तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती. ती देऊन मी तुझा कागद घेणार नाही. तू सरांना सांगणार नसशील तर मी सांगते. छापील पत्रावर पत्ता आहे, आणि दिवसाला सहा ओळी मला अजून लिहिता येतात. दगडाबाईंच्या मुलाला सांगायला मात्र मी थांबून राहिले नाही. आजच उमाच्या फोनवरून सांगितलं, इंजेक्शन बंद करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या.

शिवप्रिया

*

पुणे
२ जून २०२५

सौ. वहिनीस,

शरणु शरणार्थी. दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं.

तुमचं पत्र आलं त्या रात्री मी फार चिडले. दुसऱ्या दिवशी चूक तुमची आहे हे दाखवायचं म्हणून कामाला लागले. शिल्लक रक्तातल्या बारा लाल आणि बारा हिरव्या नळ्या घेतल्या. मैत्रिणीला सांगून सगळ्या चिठ्ठ्या काढायला लावल्या, नुसते आकडे घातले, आणि पलीकडच्या खोलीत तपासल्या. एकातही विषाणू नाही. मग आमच्या नेहमीच्या खोलीत साधं शुद्ध केलेलं पाणी तपासलं. पाण्यात सापडला.

लाल नळ्या आम्ही सुरुवातीपासून आमच्या खोलीत उघडत होतो, हिरव्या पलीकडे, गोंधळ होऊ नये म्हणून. आमच्या खोलीत तुलनेसाठी तोच विषाणू वाढवलेला असतो. तिथल्या हवेतून, हातमोज्यांवरून, कशावरून तरी तो आमच्याच नळ्यांत जात होता. आम्ही आमचाच विषाणू शोधून काढला होता.

सरांना सांगितलं. निबंध मागे घेतला. चाळीसही जणांना पत्रं गेली, तुम्हालाही मिळालं असेल. दगडाबाई सोलापूरला दवाखान्यात आहेत, सुधारत आहेत असं बिभीषण म्हणाला. सर माझ्याशी बोलत नाहीत, मला प्रकल्पातून काढलं आहे.

हे सगळं मी सांगू शकते. पुढचं सांगायला अवघड आहे. तुमचं नाव अभ्यासात मी आपण होऊन घातलं नव्हतं. आई मागं लागली होती. म्हणाली, रक्त बघून एकदाचं सांग, आजार हाय का नाटक, म्हणजे तुझ्या शंभूदादाचं पुढचं ठरवता येईल. मी हो म्हटलं. मलाही तसंच वाटत होतं, वहिनी. दिवाळीला आले होते तेव्हा तुमच्या दारातून बघून परत फिरले, कारण तुम्ही झोपेचं सोंग घेतलंय असं मला वाटलं. विषाणू सापडला तेव्हा माझी मलाच लाज वाटली, आणि म्हणून तो सुटू नये असं वाटत राहिलं. पाण्यात तो सापडला त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की मग आई म्हणत होती ते खरं असेल का.

तुम्ही म्हणाल ते मला कबूल आहे.

अर्पिता

*

मुरुम
९ जुलै २०२५

चि. अर्पितास,

पाण्यात विषाणू निघाला हे वाचून मी दोन वर्षांत पहिल्यांदा खदखदून हसले. बिचारं पाणीही दमलं असेल. हसण्याचे तीन दिवस अंथरुणात फेडले, पण परवडलं.

इकडचं सांगते. संस्थेनं रजा रद्द केली आणि महिनाभरात नोकरी संपल्याचं पत्र दिलं. माणिकप्पांनी वर तोंडी निरोप पाठवला, की बाईंकडून ही अपेक्षा नव्हती. त्यांच्या मते कागद मी बनवला होता. चौदा वर्षांत मी त्यांच्या पोरांना शिकवलं काय, तर एक प्रयोग फसला म्हणजे तो प्रयोग फसला. शिकून कुणी घरी नेलं नाही असं दिसतं.

अव्वांनी माझं ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत ठेवलं. विटाळ गेला, आळस परत आला. शेजारणीला सांगताना ऐकलं, “इषाणू बिषाणू काय न्हाय, आधीपासूनच नाटक व्हतं.” त्या वेळी उमा पापड वाळत घालत होती. जी पोरगी सासूपुढं आवाज काढत नाही ती उठली आणि म्हणाली, “अव्वा, अक्काचं सगळं म्या करते. अंघोळ घालते, केस विंचरते. मला कळतंय का न्हाय? मला त्यांचं रक्त बघायची गरज न्हाय.” माझी कामं ज्या बाईच्या अंगावर पडली, जिला माझ्या आजाराचा सगळ्यांत जास्त जाच झाला, तिला पुरावा लागला नाही.

तुझा दादा परत सुस्कारे सोडतो. पण पाय चेपतो. दोन्ही चालू आहे.

तू कबुली दिलीस. दारातून परत फिरलीस तेव्हा मी जागी होते. पैंजणांवरून तुला ओळखलं होतं. डोळे उघडायला जोर नव्हता आणि तू आत येशील म्हणून मी वाट बघत होते. तेव्हा नवीन असं तू काही सांगितलं नाहीस. तुझ्या आईनं तुला रक्त तपासायला लावलं याचाही मला राग नाही, त्या माऊलीला कागदाशिवाय काही वाचता येत नाही आणि कागदही वाचता येत नाही. राग तुझा आहे. नळी, खोली, विषाणू, पाणी, सगळं तपासून चुकीचं निघालं, आणि तरी तुझ्या डोक्यात खोटी कोण ठरली, तर मी. तुझ्या सरांच्या नावापुढच्या सगळ्या पदव्या घातल्या तरी ही अक्कल येणार नाही, अर्पिता, ती तुझी तुलाच आणावी लागेल.

तुला काढून टाकलं हे वाईट झालं. खरं बोललीस ती उशिरा बोललीस, पण बोललीस, आणि पाणी तपासायची बुद्धी तुझीच. ते मी विसरणार नाही. दुसरी प्रयोगशाळा मिळेल. मिळाली की तिथल्या लोकांना सांग, मुरुमची एक बाई अजून थकलेली आहे, विषाणू असला काय आणि नसला काय. रक्त हवं तर माझे दोन्ही हात तयार आहेत, वार कुठलाही चालेल.

पण ते मागाहून. आधी तू एकदा घरी ये. पेटी आणू नकोस. माझ्या खोलीत येऊन खाटेवर बस आणि मला बघ.

तुझी,
वहिनी